चौकटीतला मोकळा रस्ता

आमच्या माजघरात एक जुने लाकडी कपाट होते. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला वडिलांनी खळीने कागद डकवलेले असत. एस.टी.चे वेळापत्रक, दुधाचा हिशेब, कुणाकुणाचे पत्ते, आणि या सगळ्यांत वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो. एक रणगाडा, आणि त्याच्यासमोर पाठमोरा उभा असलेला एक माणूस. साल १९८९. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ते कपाट रिकामे होई, तेव्हा तो फोटो पुन्हा दिसे. कागद पिवळा पडत गेला. माणूस मात्र जागचा हलला नाही. वडील म्हणायचे, ‘‘बघ, एकटा आहे. हातात काही नाही. तरी उभा आहे.’’ मला ती कुस्तीच्या फडासारखी गोष्ट वाटे. एक इकडचा, एक तिकडचा; आता लागेल झोंबी.

पुढे कितीतरी वर्षांनी मी तो फोटो एका पुस्तकात पाहिला आणि चकित झाले. रणगाडा एक नव्हता. चार होते, एकामागे एक, तिरप्या ओळीत. वडिलांनी कात्री चालवताना मागचे तीन कापून टाकले होते. त्यात त्यांचा काही हेतू नव्हता. दाराच्या फळीवर वेळापत्रकाशेजारी जागाच तेवढी होती. पण त्या कात्रीने माझ्यापुरता फोटोचा अर्थ बदलला होता. एक माणूस आणि एक रणगाडा म्हणजे द्वंद्व. एक माणूस आणि चार रणगाडे, तेही चौकटीच्या कडेपर्यंत गेलेले, म्हणजे पाचवा, सहावा, सातवाही असणार अशी शंका. द्वंद्वात जिंकण्या-हरण्याचा प्रश्न असतो. इथे तो प्रश्नच उरत नाही. पहिला थांबला तरी दुसरा आहेच. मग हा माणूस तिथे उभा कशासाठी आहे?

या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. मी चित्रकलेची जाणकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते एका लिहिणाऱ्या बाईने एका फोटोकडे पुन्हापुन्हा पाहिल्यावर सुचलेले आहे, इतकेच समजावे.

आधी हकिगत सांगते, कारण ती सांगताना बहुतेक जण एक चूक करतात. १९८९ च्या एप्रिलपासून बीजिंगमधल्या तिआनमेन चौकात विद्यार्थी जमत होते. भ्रष्टाचार थांबवा, वर्तमानपत्रांना मोकळीक द्या, आमच्याशी बोला, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मे महिन्यात उपोषण झाले. लाखो नागरिक रस्त्यावर आले. २० मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि ३ जूनच्या रात्री सैन्य गोळीबार करीत शहरात शिरले. ४ जूनच्या पहाटेपर्यंत चौक रिकामा झाला होता. फोटो आहे ५ जूनचा, सोमवारचा. म्हणजे जे व्हायचे ते होऊन गेल्यानंतरचा. रणगाडे चौकाकडे जात नव्हते. चौकातून बाहेर पडून पूर्वेकडे निघाले होते. माणसाने चौक वाचवला नाही. वाचवण्यासारखे तिथे काही उरले नव्हते. त्या हमरस्त्याचे नाव चांगआन. त्याचा अर्थ चिरशांती.

आता फोटोकडे येऊ. खरे म्हणजे हा एक फोटो नाही. रस्त्याच्या उत्तर बाजूला असलेल्या बीजिंग हॉटेलच्या वरच्या मजल्यांवरून निदान चार फोटोग्राफरांनी तो प्रसंग टिपला: अमेरिकन वृत्तसंस्थेचा जेफ वाइडनर, मॅग्नम संस्थेचा स्टुअर्ट फ्रँकलिन, साप्ताहिकासाठी काम करणारा चार्ली कोल आणि रॉयटर्सचा आर्थर त्सांग. या रिळांच्याच गोष्टी एखाद्या रहस्यकथेत शोभतील अशा आहेत. कोलने आपले रीळ संडासाच्या टाकीत दडवले आणि खोलीची झडती घेणाऱ्यांच्या हाती ते लागले नाही. पुढे त्याच फोटोला त्या वर्षीचे जागतिक वृत्तछायाचित्राचे पहिले पारितोषिक मिळाले. फ्रँकलिनचे रीळ चहाच्या पुड्यातून पॅरिसला पोचले. पण माझा विषय तो नाही. माझा विषय असा की प्रसंग एक, माणूस एक, इमारतही एक, आणि तरी या फोटोंचा अर्थ सारखा नाही.

सगळ्यांत एक गोष्ट मात्र समान आहे, ती म्हणजे उंची. आमच्या वाड्यातली मुले दिवाळीत किल्ला करतात. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाने मला त्याचा फोटो काढायला सांगितला. मी उभ्याउभ्याच मोबाईलवर काढला. मुलगा हिरमुसला. ‘‘मावशी, असा नाही. हे तर खेळणं दिसतंय. खाली बसा ना!’’ मी अंगणात मांडी घातली आणि किल्ल्याच्या पायथ्याशी मोबाईल टेकवून पुन्हा काढला. आता दरवाजावरचा मातीचा मावळा आभाळाला टेकला होता. जमिनीवरून पाहिले की माणूस मोठा होतो. उंचावरून पाहिले की जागा मोठी होते आणि माणूस लहान. बीजिंगचे फोटो उंचावरचे आहेत. ती काही कलात्मक निवड नव्हती; खाली रस्त्यावर उभे राहणे जिवावरचे होते. पण त्या नाइलाजाने फोटोला त्याचा आत्मा दिला. खालून काढला असता तर नायकाचे चित्र झाले असते, आभाळाला डोके लावून उभा असलेला वीर. वरून काढल्यामुळे तो कोण आहे ते दिसतच नाही. पांढरा सदरा, काळी विजार, हातात पिशव्या. चेहरा नाही. चेहरा असता तर तो एका कुणाचा तरी झाला असता.

त्या पिशव्यांविषयी थोडे बोलले पाहिजे. मी कादंबरी लिहिते म्हणून सांगते, असा तपशील लेखकाला सुचत नाही. सुचला तर तो भीतीने खोडून टाकतो. निषेध करायला निघालेल्या माणसाच्या हाती आपण झेंडा देऊ, फलक देऊ, निदान मूठ तरी आवळायला लावू. पिशव्या देणार नाही. पिशव्या म्हणजे बाजार, घर, कुणीतरी वाट पाहते आहे. हा माणूस कशासाठी निघाला होता हे त्या पिशव्यांमुळे कळल्यासारखे वाटते आणि कळत मात्र नाही.

वाइडनरने काढलेल्या फोटोची एक हकिगत मला फार बोलकी वाटते. ३ जूनच्या रात्री त्याला दगड लागून डोक्याला इजा झालेली; अंगात ज्वर. त्याच्याजवळची फिल्म संपत आली तेव्हा एका अमेरिकन विद्यार्थ्याने कुणा प्रवाशाकडून एक रीळ मागून आणले. ते नेहमीपेक्षा मंद होते. हे लक्षात न आल्यामुळे फोटो हलण्याचा धोका होता आणि तो थोडा पुसट आलाही आहे. सहाव्या मजल्यावरून रणगाड्यांची ओळ येताना त्याने पाहिली आणि ओळीचा फोटो जुळवला. इतक्यात एक माणूस पिशव्या घेऊन मध्ये आला. वाइडनरने नंतर स्वतःच सांगितले आहे की त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा बाबा माझी सगळी मांडणी बिघडवणार!

ही कबुली वाचून मला हसू आले, आणि मग हसू थांबले. कारण सगळे त्यातच आहे. मांडणी होती ती रणगाड्यांची. तिरपी, सरळ, अंतर राखून चाललेली ओळ. सैन्याला ओळ आवडते आणि डोळ्यालाही आवडते. कवायत पाहायला आपण मुलांना उगीच नेत नाही. आपली दृष्टी त्या ओळीवरून वरच्या उजव्या कोपऱ्यातून डाव्या बाजूला खाली घसरत येते. वाटेत अडवणारे काही नाही. आणि जिथे ओळ चौकटीबाहेर पडायची तिथे नेमका हा उभा. डोळा ठेचकाळतो. रणगाड्याला जी अडचण झाली तीच पाहणाऱ्याच्या नजरेला होते. निषेधाचे दुसरे कुठलेही चित्र मला माहीत नाही ज्यात निषेधाचा विषय आणि चित्राची रचना इतकी एकच आहे. मांडणी बिघडवणे हेच तर त्या माणसाचे काम होते.

दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाचाही यात वाटा आहे. क्रिकेटचा सामना दाखवताना बोलरच्या मागून चित्र घेतात, तेव्हा बावीस यार्डांची खेळपट्टी किती आखूड दिसते ते आठवा. तसेच इथे झाले आहे. रणगाडे एकमेकांना खेटून आल्यासारखे भासतात आणि पहिल्याची तोफ माणसाच्या डोक्यावरच आली आहे असे वाटते.

आता त्सांगचा अनुभव पाहा. प्रसंगाचे चलचित्रही उपलब्ध आहे, त्यावरून क्रम कळतो. माणूस पुढे उभा राहतो; रणगाडा बाजूने काढायला बघतो; हाही बाजूला सरकतो; रणगाडा दुसरीकडे वळतो, हाही वळतो. मग तो चक्क रणगाड्यावर चढतो, आतल्यांशी काही बोलतो, उतरतो, पुन्हा उभा राहतो, आणि शेवटी काही माणसे येऊन त्याला ओढून नेतात. त्सांगच्या फोटोंतून संपादकांनी प्रथम निवडला तो रणगाड्यावर चढल्याचा फोटो. उभे राहिल्याचा फोटो काही तासांनंतर निवडला गेला. संपादकांचे चुकले असे कोण म्हणेल? चढणे ही घटना आहे, उभे राहणे ही घटना नाही. आणि वर्तमानपत्राला घटना हवी. पण आज चढल्याचा फोटो कुणाला आठवतो? त्यात माणूस लोखंडाला चिकटला आहे. दोघांमधले अंतर नाहीसे झाले आहे. तो धाडसी दिसतो, थोडा उतावळाही दिसतो, पण रणगाडा त्याच्यामुळे थांबला आहे हे दिसत नाही. थांबलेल्या रणगाड्यावर कुणीही चढेल. उभ्या फोटोत मधले ते काही हातांचे अंतर आहे, आणि सारा अर्थ त्या अंतरात साठला आहे. नाटकात दोन पात्रांमधल्या रिकाम्या जागेला किती किंमत असते हे ज्यांनी चांगले नाट्यप्रयोग पाहिले आहेत त्यांना सांगायला नको.

इथपर्यंत मी मोठ्या खुशीत होते. फोटो मला कळला असे वाटत होते. मग आठवीच्या वर्गात चित्रवर्णनाच्या तासाला मी तो मुलांपुढे ठेवला. चार ओळींत हकिगत सांगितली आणि लिहायला सांगितले. मुलांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले. शूर माणूस, एकटा माणूस. एका मुलीने पिशवीत आईसाठी भाजी होती असे ठामपणे लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने काही लिहिलेच नव्हते. विचारले तर म्हणाला, ‘‘बाई, पण रणगाडा थांबलाय ना? मग रणगाडेवाला चांगलाच म्हणायचा की. वाईट असता तर गेला असता वरून.’’

वर्ग हसला. मला हसता आले नाही. तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले, पण प्रश्न घरी घेऊन आले.

कारण हाच युक्तिवाद चीनच्या सरकारी दूरदर्शनने केला होता. हेच दृश्य दाखवून त्यांनी सांगितले की बघा, आमच्या सैनिकांनी किती संयम पाळला. रणगाड्यांना पुढे जायचेच असते तर हा एकटा त्यांना अडवू शकला असता काय? म्हणजे ज्या फोटोला सारे जग निषेधाचा फोटो म्हणते, तोच फोटो सरकारने आपल्या दयाळूपणाचा दाखला म्हणून वापरला. आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर फोटोत त्याला उत्तर नाही. रणगाडा थांबला आहे. माणूस जिवंत आहे. कुठे रक्ताचा थेंब नाही. मांडणी इतकी स्वच्छ आहे की दोन्ही अर्थ तिच्यात सुखाने राहतात.

मुलाचे बोलणे अगदीच चूक होते असेही नाही. आतला तो रणगाडेवाला, ज्याचा चेहराही आपल्याला दिसत नाही, त्याने त्या दिवशी माणसाला चिरडले नाही. त्याला त्याचे श्रेय द्यायला माझी ना नाही. या चित्रात बिनचेहऱ्याची माणसे दोन आहेत, एक बाहेर आणि एक आत, हे मला त्या मुलामुळे दिसले. पण रणगाडेवाला चांगला म्हणजे रणगाडे धाडणारा चांगला, ही उडी फार लांबची आहे. ती रोखायची तर चौकटीबाहेर पाहावे लागते.

चौकटीबाहेर पाहिले की काय दिसते? याच चांगआन रस्त्यावर, चौकाच्या पश्चिमेला लिउबुकौ नावाचा नाका आहे. ४ जूनच्या सकाळी चौकातून माघारी निघालेले विद्यार्थी तिथून चालले होते आणि रणगाडे त्यांच्या अंगावरून गेले. म्हणजे एक दिवस आधी त्याच रस्त्यावर रणगाडे थांबले नव्हते. आदल्या रात्री आणखी पश्चिमेला मूशीदी भागात सैन्याने नागरिकांवर गोळ्या झाडल्या होत्या. एकंदर किती माणसे मेली याविषयी आजही वाद आहे; सरकारी आकडा दोनतीनशेच्या घरातला, इतरांचे अंदाज त्याहून कितीतरी मोठे. लिउबुकौचेही फोटो आहेत. मोडलेल्या सायकली आणि त्यांत गुंतलेले देह. मी ते पाहिले आहेत आणि मुलांना दाखवणार नाही. दिवाळी अंकात त्यांचे वर्णनही करणार नाही.

पण एवढे विचारायला हवे की जगाच्या लक्षात ते फोटो का राहिले नाहीत? ते भयंकर आहेत म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. दुसरे अर्धे असे की त्यांना मांडणी नाही. तिथे ढीग आहे. सायकल कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळत नाही. नजरेला धरून चालायला ओळ नाही, टेकायला मोकळी जागा नाही. डोळा आत शिरतो आणि वाट न सापडता पळून येतो. उलट पाठमोऱ्या माणसाचा फोटो आपण कपाटाच्या दाराला डकवू शकतो. वर्षानुवर्षे त्याच्याकडे पाहत दुधाचा हिशेब लिहू शकतो. पाहवेल अशी रचना त्याला आहे, म्हणून तो सगळ्यांच्या वतीने पुढे आला आणि जे पाहवत नव्हते ते मागे पडले.

हे लिहिताना मला माझी एक कादंबरी आठवते. तिच्यात गिरणी कामगारांच्या मोर्च्याचा प्रसंग आहे. तो मी गॅलरीत उभ्या असलेल्या एका बाईच्या नजरेने लिहिला. टोप्यांची नदी, फलकांची शिडे, असले पुष्कळ काही. वाचकांना तो भाग आवडला, पत्रे आली. एका वृद्ध वाचकाने मात्र लिहिले की बाई, मी असल्या मोर्च्यांतून चाललो आहे. तिथे खालून फक्त पुढच्याची घामेजलेली पाठ दिसते. त्या पत्राला मी उत्तर दिले नाही. गॅलरीतून लिहिणे सोपे होते, कारण तिथून गर्दीची आपोआप रचना होते, आणि पाठीवरच्या घामाची होत नाही.

मग हा फोटो खोटा म्हणायचा काय? काही दिवस मी तशा निष्कर्षाला आले होते. तो मागे घ्यायला मला फ्रँकलिनच्या एका फोटोने लावले. त्याने याच प्रसंगाची अधिक रुंद चौकटही घेतली आहे. तिच्यात रणगाड्यांची लांबच लांब रांग आहे, जळालेल्या बसचा सांगाडा आहे, आणि बाकी सगळा रस्ता. केवढा तो रस्ता! आपल्याकडच्या कितीतरी गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा, आणि पूर्ण मोकळा. माणूस त्यात ठिपक्याएवढा उरतो. पारितोषिकाच्या दृष्टीने ही चौकट कमी प्रभावी असेलही. पण तिच्याकडे पाहता पाहता मला वेगळीच गोष्ट खटकली. बीजिंगच्या मुख्य रस्त्यावर, सोमवारी, भर दिवसा, एकही सायकल नाही? १९८९ चे बीजिंग म्हणजे सायकलींचे शहर. तीनच आठवड्यांपूर्वी याच रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. मग रस्ता मोकळा कसा झाला?

तो गोळ्यांनी मोकळा केला. ४ जूनला याच बीजिंग हॉटेलच्या गॅलऱ्यांतून वार्ताहरांनी पाहिले होते की खाली लोक पुन्हापुन्हा जमत होते आणि सैनिक पुन्हापुन्हा गोळ्या झाडत होते. म्हणजे ज्या रिकाम्या जागेमुळे फोटोची रचना इतकी स्वच्छ, इतकी देखणी झाली, ती जागा आपोआप रिकामी नव्हती. रसिक म्हणून आपण जिला अवकाश म्हणतो, ती माणसे हाकलून, मारून केलेली मोकळी जागा आहे. लिउबुकौच्या फोटोत मेलेले दिसतात. या फोटोत ते दिसत नाहीत, पण राखाडी रस्त्याचा प्रत्येक रिकामा हात त्यांच्या नसण्याने व्यापला आहे. सरकारी दूरदर्शनला जे उत्तर मी फोटोत शोधत होते ते माणसाजवळ नव्हते आणि रणगाड्याजवळही नव्हते. ते या दोघांच्या भोवती पसरलेले होते. मी त्याला पार्श्वभूमी समजून सोडून दिले होते.

म्हणून मला वाटते की या फोटोची कापाकापी करणे हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न नाही. माणूस आणि पहिला रणगाडा एवढेच ठेवले की वीरश्री वाढते आणि साक्ष कमी होते. आमच्या वडिलांच्या कात्रीने तेच केले होते. आज मोबाईलच्या उभ्या पडद्यावर बसवण्यासाठी अनेक ठिकाणी तेच होते.

मात्र रचनेची ताकद एवढी की ती कधीकधी वस्तूंवाचूनही जगते. चीनमध्ये हा फोटो दाखवायला बंदी आहे. २०१३ च्या जूनमध्ये तिथल्या समाजमाध्यमांवर एक चित्र फिरले. तोच रस्ता, तोच पाठमोरा माणूस, आणि चार रणगाड्यांच्या जागी चार प्रचंड पिवळी रबरी बदके! त्या सुमारास हाँगकाँगच्या बंदरात एका डच कलावंताचे अवाढव्य रबरी बदक तरंगत होते, त्यावरून कुणाला तरी सुचले. चित्रात शस्त्र नाही, सैनिक नाही; लहान मुलांच्या न्हाणीघरातले खेळणे. तरीही अधिकाऱ्यांनी ‘मोठे पिवळे बदक’ हे शब्द शोधण्यावरच बंदी घातली. आमच्या घरी हे सांगितले तर चकल्या तळता तळता सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे बदकालाही घाबरले?’’ बदकाला नव्हे. तिरप्या ओळीला आणि तिच्या टोकाशी असलेल्या ठिपक्याला घाबरले. त्या ओळीत आता काहीही ठेवा, लोक वाचायचे ते वाचतात.

शेवटी आणखी एका फोटोविषयी सांगायचे आहे. तो १९८९ मध्ये कुणी पाहिला नाही. टेरिल जोन्स नावाचा वार्ताहर त्या वेळी हॉटेलात वर नव्हता, खाली रस्त्याच्या कडेला होता. गोळ्यांचे आवाज आले, लोक पळू लागले, आणि पळता पळता त्याने एक फोटो घेतला. त्यात काय आले आहे हे त्यालाही पुष्कळ दिवसांनी, फोटो छापून घेताना, समजले. तो प्रसिद्ध झाला २००९ मध्ये, वीस वर्षांनी. या फोटोला वरच्या फोटोंसारखी मांडणी नाही. पुढे माणसे डोकी वाकवून पळताहेत, झाडे मध्ये आली आहेत, सगळे तिरकस, घाईचे. हा त्या वृद्ध वाचकाचा फोटो आहे. घामेजलेल्या पाठीच्या उंचीवरून घेतलेला.

मागच्या महिन्यात तो मी आठवीच्या त्याच मुलांना दाखवला. आता ती नववीत गेली आहेत. मी म्हटले, यात तो माणूस आहे, शोधा. बराच वेळ कुणाला सापडेना. पळणाऱ्यांवरच सगळ्यांची बोटे जात होती. मग मागच्या बाकावरचा तो मुलगा उठून पुढे आला, फोटो हातात घेतला, खिडकीजवळ नेला. झाडांच्या मध्ये, दूर, एक लहानसा पांढरा सदरा आहे. रस्त्यात स्थिर उभा. त्याने त्यावर नख टेकवले आणि तिथून उजवीकडे, जिकडून रणगाडे येत होते तिकडे, बोट सरकवत नेले.

‘‘हा बघा, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘पण रणगाडे तर अजून लांब आहेत.’’

मी म्हटले, हो, अजून लांब आहेत.